नकाशात नसलेल्या देशाची वेस

सायप्रस हे भूमध्य समुद्रातले तिसऱ्या क्रमांकाचे मोठे बेट. क्षेत्रफळ ९,२५१ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्याहून थोडे कमीच. या बेटाचा उत्तरेकडचा एक तृतीयांशाहून अधिक भाग १९८३ पासून स्वतःला ‘उत्तर सायप्रसचे तुर्की प्रजासत्ताक’ म्हणवतो. त्याला राष्ट्राध्यक्ष आहे, संसद आहे, न्यायालये, पोलीस, विद्यापीठे आणि स्वतःचा ध्वज आहे. पण तुर्कस्तान वगळता जगातला एकही देश त्याला देश मानत नाही. स्वातंत्र्याची घोषणा १५ नोव्हेंबर १९८३ ला झाली आणि तीनच दिवसांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ५४१ क्रमांकाचा ठराव करून ती अवैध ठरवली. तिथल्या माणसाला बाहेरून पत्र पाठवायचे तर पत्त्यात ‘मेर्सिन १०, तुर्कस्तान’ लिहावे लागते, फोन लावायचा तर तुर्कस्तानचा संकेतांक जोडावा लागतो आणि तिथल्या एर्जान विमानतळावर उतरणारे प्रवासी विमान आधी तुर्कस्तानच्या भूमीवर टेकूनच आलेले असते.

कागदावर नसलेल्या या देशाला वेस मात्र आहे. ती ओलांडताना पासपोर्ट दाखवावा लागतो, सामानाची तपासणी होऊ शकते, गाडीचा वेगळा विमा काढावा लागतो. उत्तरेकडच्या सरकारच्या लेखी ती दोन देशांमधली सीमा आहे. दक्षिणेकडचे, जगाने मान्य केलेले सायप्रस प्रजासत्ताक तिला सीमा म्हणत नाही. त्याच्या मते संपूर्ण बेट त्याचेच असून उत्तरेचा भाग परकीय सैन्याच्या ताब्यात आहे. युरोपीय संघाच्या कायद्यातही ती संघाची बाह्य सीमा नाही. ती नेमकी काय आहे यावर ज्यांचे एकमत नाही, तेच दोघे तिच्यावरचे नाके रोज चालवतात. सायप्रसच्या प्रवासात पाहण्यासारखे सर्वात विलक्षण असे काही असेल तर ते हेच. बेटावर सगळेजण तिला ग्रीन लाइन म्हणतात.

प्रवासाची सुरुवात बहुधा लार्नाकाला होते. इथला विमानतळ १९७५ मध्ये घाईघाईने उभा राहिला, कारण राजधानी निकोसियाचा विमानतळ आदल्या वर्षीच्या युद्धात बंद पडला होता. लार्नाकाहून निकोसियाकडे जाणारा महामार्ग ओसाड, पिवळट टेकड्यांमधून जातो. पाऊस बेताचा, उन्हाळ्यात गवताची काडीही हिरवी राहत नाही. राजधानी जवळ आली की मेसाओरियाच्या सपाट मैदानापलीकडे पेंतादाक्तिलोस पर्वताची धारदार रांग दिसू लागते आणि तिच्या उतारावर एक अवाढव्य ध्वज. डोंगरावर रंगवलेला हा उत्तरेचा ध्वज मुद्दाम दक्षिणेला दिसेल असाच आहे. रात्री तो दिव्यांनी उजळतो. निकोसियाच्या दक्षिण भागातल्या कित्येक घरांच्या गच्चीवरून, खिडक्यांतून तो रोज दिसतो आणि ज्यांची गावे त्या डोंगरापलीकडे राहिली त्यांना तो काय वाटत असेल याची कल्पना करणे अवघड नाही.

ही रेषा कशी पडली हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. ऑटोमन साम्राज्याने १५७१ मध्ये व्हेनिसकडून हे बेट पूर्णपणे जिंकले. तेव्हापासून ग्रीक भाषक ख्रिस्ती आणि तुर्की भाषक मुस्लीम इथे शेजारी राहू लागले. १८७८ मध्ये कारभार ब्रिटिशांकडे आला. १९५५ पासून ‘एओका’ या ग्रीक सायप्रियट संघटनेने ब्रिटिशांविरुद्ध सशस्त्र लढा सुरू केला, पण तिचे ध्येय स्वतंत्र सायप्रस नव्हते. बेट ग्रीसला जोडायचे होते. तुर्की सायप्रियटांमधून उलट मागणी आली, ती फाळणीची. १६ ऑगस्ट १९६० ला मिळालेले स्वातंत्र्य ही दोन्ही बाजूंच्या दृष्टीने तडजोड होती. राष्ट्राध्यक्ष ग्रीक सायप्रियट, उपराष्ट्राध्यक्ष तुर्की सायप्रियट, आणि ग्रीस, तुर्कस्तान व ब्रिटन हे तिघे हमीदार. ही राज्यघटना तीन वर्षेच कशीबशी चालली.

डिसेंबर १९६३ मध्ये निकोसियात दंगली पेटल्या. वर्षअखेरीला ब्रिटिश मेजर जनरल पीटर यंग यांनी दोन्ही जमातींना वेगळे ठेवण्यासाठी शहराच्या नकाशावर हिरव्या पेन्सिलने एक रेघ ओढली. नाव पडले ते तिथून. मार्च १९६४ मध्ये सुरक्षा परिषदेने शांतिसेना पाठवली. मूळ मुदत तीन महिन्यांची होती. ती सेना अजूनही बेटावर आहे. १५ जुलै १९७४ रोजी ग्रीसच्या लष्करी राजवटीने राष्ट्राध्यक्ष मकारिओस यांच्याविरुद्ध बंड घडवले. पाचच दिवसांनी तुर्कस्तानचे सैन्य उत्तर किनाऱ्यावर उतरले आणि १६ ऑगस्टला युद्धबंदी झाली तेव्हा शहरातली रेघ वाढत वाढत बेटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचली होती. दीड लाखाहून अधिक ग्रीक सायप्रियट दक्षिणेकडे निघून गेले, चाळीस-पंचेचाळीस हजार तुर्की सायप्रियट उत्तरेकडे आले. फाळणीच्या कथा ऐकत वाढलेल्या भारतीय माणसाला हे आकडे लहान वाटतील. पण तेव्हा या बेटाची सारी लोकसंख्याच सहा-साडेसहा लाखांच्या घरात होती.

दोन्ही सैन्यांच्या युद्धबंदी रेषांमधला पट्टा संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यात आहे. लांबी सुमारे १८० किलोमीटर. रुंदी काही ठिकाणी सात किलोमीटर आणि जुन्या निकोसियाच्या गल्ल्यांत तीन-साडेतीन मीटर. निकोसियाच्या पश्चिमेला याच पट्ट्यात जुना विमानतळ आहे. १९६८ मध्ये बांधलेली त्याची टर्मिनल इमारत तेव्हा अगदी आधुनिक मानली जाई. आज तिथे काचा फुटलेल्या आहेत, धावपट्टीच्या कडेला सायप्रस एअरवेजचे एक ट्रायडंट विमान १९७४ पासून तसेच उभे आहे, इंजिने नसलेले, रंग उडालेले. हा विमानतळ कुणाच्याच हाती न जाता संयुक्त राष्ट्रांकडे राहिला तेव्हा शांतिसेनेचे प्रमुख होते लेफ्टनंट जनरल दिवाण प्रेमचंद. या सेनेचे पहिले प्रमुख लेफ्टनंट जनरल ग्यानी हेही भारतीयच. त्यांच्यानंतर आलेले, भारताचे माजी लष्करप्रमुख जनरल थिमय्या डिसेंबर १९६५ मध्ये कर्तव्यावर असतानाच निकोसियात वारले. सायप्रसने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. भारतातही हे फारसे कुणाला माहीत नसते, ही खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे.

विमानतळाच्याच आवारात बेपत्ता व्यक्तींचा शोध घेणाऱ्या समितीची एक प्रयोगशाळा आहे. १९६३-६४ आणि १९७४ मध्ये बेपत्ता झालेल्यांची अधिकृत यादी २,००२ जणांची. १,५१० ग्रीक सायप्रियट आणि ४९२ तुर्की सायप्रियट. दोन्ही जमातींचे शास्त्रज्ञ इथे एकाच टेबलाभोवती उभे राहून विहिरींतून, शेतांतून, रस्त्यांखालून उकरून काढलेली हाडे जुळवतात, ओळख पटवतात आणि अवशेष घरच्यांच्या स्वाधीन करतात. हजाराहून अधिक जणांची ओळख आतापर्यंत पटली आहे. मारेकरी कोण, हा प्रश्न ही समिती विचारत नाही. म्हणूनच साक्षीदार बोलतात आणि कबरी सापडतात. न्यायाच्या दृष्टीने ही मोठी किंमत आहे, पण वाट पाहणाऱ्या आईबापांच्या दृष्टीने दुसरा मार्गही नव्हता.

निकोसियाच्या जुन्या शहराच्या पश्चिम कडेला लेड्रा पॅलेस हे एके काळचे दिमाखदार हॉटेल आहे. १९४९ मध्ये ते सुरू झाले, १९७४ मध्ये त्याच्या भिंतींवर गोळ्यांच्या खुणा पडल्या आणि पुढे शांतिसेनेचे सैनिक त्यात राहू लागले. त्याच्या समोरचा रस्ता हा जवळजवळ तीन दशके निकोसियातला एकमेव दरवाजा होता, तोही मुत्सद्दी, संयुक्त राष्ट्रांचे कर्मचारी आणि एका दिवसापुरते उत्तरेत जाणारे परदेशी पाहुणे यांच्यासाठी. सामान्य सायप्रियट माणसाला शहराची दुसरी बाजू परदेशापेक्षाही लांब होती.

२३ एप्रिल २००३ रोजी हे बदलले. २००२-०३ च्या हिवाळ्यात हजारो तुर्की सायप्रियट एकीकरण आणि युरोपीय संघाची मागणी करत रस्त्यावर उतरले होते. दक्षिणेच्या सरकारने युरोपीय संघात जाण्याच्या करारावर १६ एप्रिलला अथेन्समध्ये सही केली आणि आठवड्याभरात उत्तरेचे नेते रऊफ देंक्ताश यांच्या प्रशासनाने अचानक नाका उघडल्याचे जाहीर केले. लोकांचा आधी विश्वासच बसेना. मग मैल-मैल रांगा लागल्या. लोक आपली जुनी घरे पाहायला निघाले. ज्या दारावर टकटक करायची ते दार आपलेच, आणि उघडणारा माणूस अनोळखी. आता तिथे राहणारे कुटुंबही बहुतेकदा दुसऱ्या बाजूचे घर गमावून आलेले. कित्येक ठिकाणी कॉफी झाली, अंगणातली लिंबे पिशवीत भरून दिली गेली, एकोणतीस वर्षे जपून ठेवलेले लग्नाचे फोटो मूळ मालकांच्या हाती परत आले. काही जण उंबऱ्यावरूनच मागे फिरले. त्या दिवसांत मोठ्या हाणामाऱ्या होतील अशी भीती होती. तसे काही झाले नाही.

आजही काही ग्रीक सायप्रियट रेषा ओलांडत नाहीत. जाण्याची इच्छा नसते असे नव्हे. स्वतःच्याच देशात, स्वतःच्याच गावी जाताना आपण मान्य न केलेल्या राज्याच्या पोलिसाला ओळखपत्र दाखवायचे, हे त्यांना पटत नाही. या भूमिकेला हट्ट म्हणणे अन्यायाचे होईल.

पायी जाणाऱ्यांसाठी सर्वात वर्दळीचा नाका लेड्रा स्ट्रीटवर आहे. ही जुन्या निकोसियाची मुख्य बाजारपेठ. १९६० च्या दशकात ती अडथळे टाकून बंद झाली आणि ३ एप्रिल २००८ रोजी पुन्हा उघडली. दक्षिणेकडून चालत गेले की कपड्यांची आणि चपलांची दुकाने, कॉफीच्या नामांकित साखळ्या, रस्त्यात मांडलेल्या खुर्च्या, आणि मध्येच एक छोटीशी पोलीस चौकी. बाहेर जाताना इथे बहुधा कुणी अडवत नाही. पासपोर्टवर बाहेर पडल्याचा शिक्का बसत नाही, कारण या सरकारच्या लेखी प्रवासी देशाबाहेर चाललेलाच नसतो. त्यानंतरची काही पावले संयुक्त राष्ट्रांच्या पट्ट्यातली. दोन्ही हातांना बंद दुकाने, टेकू देऊन सावरलेल्या भिंती, पत्रे ठोकून बुजवलेल्या बाजूच्या गल्ल्या, मधोमध झाडांच्या कुंड्या. इथे थांबून फोटो काढायला मनाई आहे. मांजरी मात्र दोन्हीकडून येतात-जातात.

पुढे उत्तरेच्या खिडक्या लागतात. वर तुर्कस्तानचा आणि उत्तर सायप्रसचा असे दोन ध्वज. सायप्रियट नागरिक ओळखपत्र पुढे करतो, परदेशी माणूस पासपोर्ट. पूर्वी इथे कागदाचा एक वेगळा चिटोरा भरून त्यावर शिक्का मारत, म्हणजे पासपोर्टवर अमान्य देशाची खूण उमटायला नको. २०१५ मध्ये तो चिटोराही बंद झाला. आता नोंद फक्त संगणकात होते. परतताना दक्षिणेचे पोलीस कागदपत्रे पाहतात. ते यासाठी, की उत्तरेची बंदरे आणि एर्जान विमानतळ दक्षिणेच्या कायद्यानुसार बंद आहेत. तिथून बेटावर उतरलेल्या परदेशी माणसाचा प्रवेश बेकायदा ठरतो आणि त्याला इथे अडवले जाऊ शकते. म्हणजे सीमा नसलेल्या जागी सीमेवरची बहुतेक कामे होतात, फक्त शिक्का तेवढा कुणीच मारत नाही.

घड्याळाचीही एक हकीकत आहे. २०१६ मध्ये तुर्कस्तानने वर्षभर उन्हाळी वेळच पाळायचे ठरवले आणि उत्तरेने त्याचे अनुकरण केले. त्या हिवाळ्यात लेड्रा स्ट्रीटवरची ही काही पावले चालली की घड्याळ एक तासाने बदलायचे. काळोखात शाळेला निघणाऱ्या मुलांच्या पालकांनी निदर्शने केली. पुढच्या हिवाळ्यात उत्तरेने वेळ पुन्हा शेजाऱ्यांशी जुळवून घेतली.

नाका ओलांडला की गल्लीचा नूरच बदलतो. युरोच्या जागी तुर्की लिरा येतो, नामांकित कंपन्यांच्या नकला विकणारी दुकाने येतात, लोकुम या मिठाईच्या बरण्या, कबाबचा वास, आणि थोड्याच अंतरावर १५७२ मध्ये बांधलेले बुयुक हान. हान म्हणजे व्यापाऱ्यांची सराई. मधल्या चौकात छोटीशी मशीद, भोवती दोन मजली कमानी, त्यांत आता कारागिरांची दुकाने. जवळच सेलिमिये मशीद आहे. तिचा सांगाडा तेराव्या शतकातल्या फ्रेंच गॉथिक कॅथीड्रलचा, मिनार ऑटोमनांचे. क्रुसेडच्या काळात लुसिन्यां घराण्याचे फ्रेंच राजे या बेटावर राज्य करत होते, त्यांचा राज्याभिषेक इथे होत असे. उंच टोकदार कमानींखाली तिरकस अंथरलेली जाजमे, कारण इमारतीचा रोख पूर्वेकडे आणि किब्ला मक्केकडे. बेटाचा इतिहास इतक्या मोजक्या जागेत दुसरीकडे कुठे दिसत नाही.

शहराभोवतीची तटबंदी व्हेनिसच्या लोकांनी १५६७ मध्ये बांधायला घेतली. तिला अकरा बुरूज आहेत. त्यांपैकी पाच दक्षिणेकडे, पाच उत्तरेकडे आणि एक संयुक्त राष्ट्रांच्या पट्ट्यात. तटाची अशी वाटणी झाली तरी शहराच्या पोटातले गटार एकच राहिले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस दक्षिण निकोसियाचे महापौर लेलोस दिमित्रिआदेस आणि उत्तरेचे मुस्तफा अकिंजी यांनी सांडपाण्याची एकत्र योजना राबवली. पाण्याला उतार उत्तरेकडे, म्हणून शुद्धीकरण प्रकल्प उत्तरेत. दोन्ही बाजूंचे सांडपाणी तिथे जाते. त्यातूनच पुढे अखंड निकोसियाचा विकास आराखडा तयार झाला, शहर कधीतरी पुन्हा एक होईल असे गृहीत धरून. नंतर अकिंजी उत्तरेचे राष्ट्राध्यक्ष झाले. बेटावरच्या मोठ्या मुत्सद्द्यांना जे जमले नाही ते दोन नगरपालिकांना जमले, याचे मोल फार आहे.

रेषेवरून माल नेण्याचे नियम माणसांहून कडक आहेत. सायप्रस १ मे २००४ ला युरोपीय संघात गेले. त्याच्या आठवडाभर आधी, २४ एप्रिलला, संयुक्त राष्ट्रांनी मांडलेल्या एकीकरणाच्या अन्नान योजनेवर दोन्हीकडे सार्वमत झाले होते. तुर्की सायप्रियटांपैकी सुमारे ६५ टक्क्यांनी होकार दिला, ग्रीक सायप्रियटांपैकी ७६ टक्क्यांनी नकार. त्यामुळे कायद्याने सगळे बेट संघात गेले, पण उत्तरेत संघाचे कायदे स्थगित राहिले. ही कोंडी सोडवायला संघाने ग्रीन लाइनसाठी स्वतंत्र नियमावली केली. उत्तरेत तयार झालेला माल तुर्की सायप्रियट व्यापारी मंडळाच्या दाखल्यावर दक्षिणेत जाऊ शकतो. प्रमाणपत्र मंडळाचे का, तर सरकारचे घेतले तर सरकार मान्य केल्यासारखे होईल! प्लास्टिकच्या वस्तू, बांधकामाचे साहित्य, ताजी मासळी असा माल जातो. जनावरांपासूनच्या बहुतेक पदार्थांना बंदी आहे. मात्र दाखला मिळाला तरी दक्षिणेतल्या दुकानदाराने तो माल फळीवर मांडायला हवा, आणि गिऱ्हाइकांच्या रोषाला भिऊन बरेच दुकानदार तो टाळतात. हलूमी या बेटाच्या चीजला २०२१ मध्ये संघाचे भौगोलिक संरक्षण मिळाले, ते ‘हलूमी’ आणि ‘हेलिम’ अशा ग्रीक व तुर्की दोन्ही नावांनी. परंपरेने शेळी-मेंढीच्या दुधाचे हे चीज तव्यावर भाजले तरी वितळत नाही. दोन्हीकडच्या स्वयंपाकघरांत ते रोजचे.

साध्या गरजा मात्र वाट काढतात. लिराची किंमत घसरली की दक्षिणेतल्या गाड्या स्वस्त पेट्रोलसाठी उत्तरेत रांगा लावतात. उत्तरेतले बरेच लोक दक्षिणेत कामाला जातात, शिवाय मूळ सायप्रियट असल्यामुळे त्यांना सायप्रस प्रजासत्ताकाचा, म्हणजे युरोपीय संघाचा पासपोर्ट मिळू शकतो आणि हजारोंनी तो घेतलाही आहे. जुलै २०११ मध्ये दक्षिणेतल्या मारी येथील नौदल तळावर स्फोटकांचा साठा उडाला, तेरा माणसे गेली आणि शेजारचे मोठे वीजकेंद्र उद्ध्वस्त झाले. तेव्हा दक्षिणेने उत्तरेकडून वीज घेतली. मोबाइल फोन मात्र जुलै २०१९ पर्यंत पलीकडे चालत नसत. एकाच शहरातली दोन माणसे वेस ओलांडली की एकमेकांना दुरावत.

निकोसियाहून उत्तरेकडे डोंगराची खिंड ओलांडली की खाली किरेनिया आणि निळा समुद्र. घोड्याच्या नालेसारखे छोटे बंदर, कडेला व्हेनिसच्या काळातला किल्ला, किल्ल्यात इसवी सनापूर्वी बुडालेल्या एका व्यापारी जहाजाचे अवशेष. सौंदर्य नजर ठरू देत नाही, पण या किनाऱ्यावरची जमीन ही साऱ्या वादाची गाठ आहे. किरेनियाच्या तितिना लोइझिदू यांनी आपल्या जमिनीवर जाता येत नाही म्हणून युरोपीय मानवी हक्क न्यायालयात तुर्कस्तानविरुद्ध दावा लावला. १९९६ मध्ये न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि तुर्कस्तानने २००३ मध्ये नुकसानभरपाई भरली. त्यानंतर अशा दाव्यांसाठी उत्तरेत एक मालमत्ता आयोग नेमला गेला. दरम्यान या जमिनींवर बंगले, सदनिका, हॉटेले आणि कॅसिनो उभे राहत आहेत. तुर्कस्तानने १९९८ मध्ये आपल्याकडे कॅसिनोंवर बंदी घातल्यापासून तो धंदा इथे फोफावला. उत्तरेच्या अर्थव्यवस्थेचा दुसरा आधार विद्यापीठांचा, आणि तिसरा व सर्वात मोठा आधार अंकाराहून येणाऱ्या पैशाचा.

पाणीही तिकडूनच येते. ऑक्टोबर २०१५ मध्ये तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या धरणातून समुद्रातून टाकलेली जलवाहिनी सुरू झाली. समुद्रातली तिची लांबी सुमारे ऐंशी किलोमीटर. खोल समुद्राच्या तळाशी नळ टाकता येईना, म्हणून तो पाण्याच्या पृष्ठभागाखाली सुमारे अडीचशे मीटरवर तरंगता ठेवून तळाशी दोरांनी बांधला. २०२० च्या आरंभी तो तुटला आणि कित्येक महिने पाणी बंद राहिले. दुष्काळी बेटासाठी हे वरदान खरे, पण उत्तरेचे तुर्कस्तानवरचे अवलंबित्व त्या नळाने आणखी घट्ट केले.

पूर्व किनाऱ्यावर फामागुस्ता. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’ नाटकाचा बराचसा भाग सायप्रसमध्ये घडतो, त्यामुळे इथल्या किल्ल्याच्या बुरुजाला ऑथेल्लोचे नाव पडले आहे. जुन्या शहराच्या दक्षिणेला वारोशा हे उपनगर. १९७४ पूर्वी भूमध्य समुद्रावरच्या गजबजलेल्या पर्यटनस्थळांत त्याची गणना होई. सुमारे ३९,००० वस्ती. तुर्की सैन्य जवळ येताच ऑगस्ट १९७४ मध्ये सगळे लोक पळाले. दोन-चार दिवसांत परतू अशा हिशोबाने कित्येकांनी फक्त दारे लावली होती. सैन्याने सुमारे सहा चौरस किलोमीटरचा तो भाग कुंपण घालून बंद केला. मूळ रहिवाशांखेरीज कुणीही तिथे वस्ती करू नये, असे सुरक्षा परिषदेने १९८४ च्या ५५० क्रमांकाच्या ठरावात बजावले.

ऑक्टोबर २०२० मध्ये उत्तरेच्या प्रशासनाने तिथले काही रस्ते आणि किनारा लोकांसाठी उघडला. जगभरातून निषेध झाला. आता तिथे नवे डांबर आहे, भाड्याच्या सायकली आहेत, आणि दोरी लावून अडवलेल्या दोन्ही बाजूंना उभे ओसाड शहर. बाल्कन्यांचे कठडे गळून पडलेले, लोखंडी सळ्या गंजून काँक्रीट फाटलेले, दिवाणखान्यातून झाड वाढून खिडकीबाहेर आलेले, दुकानाच्या पाटीवर जुनी अक्षरे अजून वाचता येतील अशी. त्यामधून पर्यटक सायकली फिरवतात. इथे पाहणाऱ्याला उत्सुकता आणि संकोच एकाच वेळी वाटतो. यांतल्या खोल्यांचे मालक किंवा वारस अजून हयात आहेत.

फामागुस्ताहून थोडे दक्षिणेला डेरिनियाचा नाका. ऑगस्ट १९९६ मध्ये इथे ग्रीक सायप्रियट निदर्शक पट्ट्यात शिरले. तासोस इसाक या तरुणाला मारहाण करून ठार केले गेले. तीन दिवसांनी, त्याच्या अंत्यसंस्कारानंतर, तुर्की ध्वज उतरवण्यासाठी खांबावर चढलेल्या सोलोमोस सोलोमू याला गोळी घातली गेली. त्याच जागी १२ नोव्हेंबर २०१८ रोजी येण्याजाण्याची वाट उघडली. त्याच दिवशी पश्चिमेला लेफ्का-आप्लीचचा नाकाही सुरू झाला आणि एकूण नाके नऊ झाले. २९ फेब्रुवारी २०२० रोजी दक्षिणेच्या सरकारने कोरोनाचे कारण देऊन चार नाके बंद केले. २००३ नंतर असे पहिल्यांदाच घडले. दोन्ही बाजूंच्या लोकांनी लेड्रा स्ट्रीटवर निदर्शने केली. सगळे नाके पुन्हा खुले व्हायला जून २०२१ उजाडले.

डेरिनियाहून लार्नाकाकडे परतताना वाटेत डेकेलिया लागते, आणि इथे तिसरेच राज्य सुरू होते. १९६० मध्ये स्वातंत्र्य देताना ब्रिटनने बेटावरचे दोन लष्करी तळ स्वतःच्या सार्वभौम मालकीचे ठेवले. दोन्ही मिळून क्षेत्रफळ २५४ चौरस किलोमीटर, बेटाच्या सुमारे तीन टक्के. ही हद्द ओलांडताना नाका, फाटक, काहीही नाही. रस्त्यावरच्या पाट्या बदलतात इतकेच. ओर्मिदिया आणि झिलोतिंबू ही सायप्रस प्रजासत्ताकाची गावे चारही बाजूंनी ब्रिटिश हद्दीने वेढलेली आहेत. रेषेच्या या भागातले पेर्गामोस आणि स्ट्रोविलिया हे दोन नाके उत्तर सायप्रस आणि ब्रिटिश तळ यांच्या सांध्यावर आहेत, त्यामुळे तिथे दक्षिणेच्या बाजूला तळाचे अधिकारी कागदपत्रे पाहतात.

तळाला लागूनच पीला गाव, संयुक्त राष्ट्रांच्या पट्ट्यात. ग्रीक आणि तुर्की सायप्रियट अजूनही एकाच गावात राहतात असे पट्ट्यातले हे एकच गाव. दोन मुख्तार म्हणजे गावप्रमुख, दोन शाळा, चर्च आणि मशीद, चौकात समोरासमोर दोन कॉफीची दुकाने, एक ग्रीकांचे, एक तुर्कांचे. चौकावर संयुक्त राष्ट्रांच्या पोलिसांचे लक्ष आणि वरच्या कड्यावर तुर्की सैन्याची चौकी. दोन्ही कॉफ्या एकाच पद्धतीने, दांड्याच्या पितळी भांड्यात उकळतात. ऑगस्ट २०२३ मध्ये उत्तरेने या गावाला जोडणारा रस्ता पट्ट्यातून काढायचा प्रयत्न केला. तो अडवणाऱ्या शांतिसैनिकांना उत्तरेच्या लोकांनी मारहाण केली आणि संयुक्त राष्ट्रांच्या गाड्या बुलडोझरने हटवल्या. त्या वादावर ऑक्टोबरमध्ये समझोता झाला.

मार्च २०२५ मध्ये जिनिव्हा इथे दोन्ही बाजूंचे नेते संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांबरोबर भेटले. बेटाच्या भवितव्याच्या मूळ प्रश्नावर तिथे काही ठरले नाही. जे मोजके ठरले त्यात एक मुद्दा असा होता, की रेषेवर आणखी चार नाके उघडायचे.